आत्याला न दिसलेली घाण

आमच्या आत्याला गाड्या अजिबात आवडत नाहीत. तिचं गॅरेज आहे, बावीस वर्षं ती दुसरं काही करत नाही, पण मोटारसायकल आत आली की तिच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'शी'. मग ती गाडीच्या मालकाकडे बघते आणि दुसरी शी नुसत्या डोळ्यांनी म्हणते.

तिच्या शीमध्येही प्रकार आहेत. तेल गळत असेल तर आखूड, शिंकेसारखी. तुटलेल्या वायरीला कुणी जखमेवरची पट्टी गुंडाळून आणली असेल तर लांब, डोळे मिटून, शेवटी सूर वर नेणारी. एकदा एअर फिल्टरमध्ये उंदरानं थाटलेला संसार निघाला, पिल्लांसकट. तेव्हा मात्र तिनं काहीच म्हटलं नाही. पान्हा खाली ठेवला, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि परत आली. त्यावर गाडीवाला म्हणतो कसा, कालपर्यंत छान चालत होती हो ताई. आत्याचा वरचा ओठ डाव्या बाजूनं हळूच उचलला गेला. ही तिची सगळ्यात वरच्या दर्जाची शी. तिला आवाज नसतो, आणि ती खोटं बोलणाऱ्यांसाठी राखीव आहे. म्हणजे जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येते.

फक्त चष्मेवाल्या काकांना यातली एकही शी कधी मिळाली नव्हती. काकांनी चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं. काचा पुसून पुसून हाताला अशी सवय लागली की दुकान बंद झालं तरी पिवळं फडकं खिशातच राहिलं. समोर जे येईल ते ते पुसतात. गॅरेजमध्ये बसायला स्टूल दिलं की आधी स्टूल पुसतात, आणि जाताना पुन्हा. त्यांची मोटारसायकल पस्तीस वर्षांची आहे आणि तिच्या टाकीत बघून भांग पाडता येतो. तिच्यासमोर आत्या गप्प उभी राहायची, देवळात आल्यासारखी.

तीच गाडी बंद पडायला लागली.

काका प्रत्येक वाक्याच्या आधी घसा साफ करतात, आणि वाक्यही पुसूनच बाहेर काढतात. "अं-हं. वीस मिनिटं राणीसारखी चालते ताई. अं-हं. मग धाप लागते. फट्, फटक्, फट्. आणि बंद." दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. एकदा काकूंना घेऊन भर पुलावर, भर उन्हात थांबली आणि मागे हॉर्नचा बाजार भरला. काकूंनी तिथल्या तिथे जाहीर केलं की यापुढे त्या या डब्यावर बसणार नाहीत, आणि जमलं तर नवऱ्यालाही बसू देणार नाहीत.

मग मुलगा मधे पडला. मुलगा कुठल्याशा कंपनीत साहेब आहे आणि घरातही मीटिंग घेतल्यासारखाच बोलतो. "लॉजिक बघा ना बाबा" हे त्याचं पालुपद. लॉजिक असं की गाडी म्हातारी, चालवणारा म्हातारा, दोघांनी मिळून रस्त्यावर जायचं कारण काय. त्यानं परस्पर गिऱ्हाईकही बघून ठेवलं, रविवारी सकाळी दहाला येणारं. काकांना कुठे जायचं असेल तिथे तो सोडणार होता, वेळ मिळाला की. त्याला वेळ कसा मिळतो ते काकांना चांगलं माहीत होतं. घर चढावर, बसचा थांबा खाली मैलभर. गाडी गेली की काका खिडकीत बसून काचा पुसणार, एवढंच उरलं होतं.

आत्यानं तीन वेळा गाडी उघडली. प्लग पांढराफटक निघाला, म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय. म्हणून कार्बोरेटर खोलला, तर त्यात चहा प्यावा इतका स्वच्छ. पेट्रोलची नळी बदलली. मग प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल बदलली, प्लगची वायर बदलली, त्यांच्यात काही खोट नसताना. प्रत्येक वेळी कोपऱ्यापर्यंत दोन चकरा मारल्या, गाडी मख्खन. आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या दिवशी "अं-हं" दारात हजर. आत्याला स्वतःचीच किळस यायला लागली होती. हात धुताना ती हातांकडे अशी बघायची, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

शनिवारी दुपारी काका चौथ्यांदा आले तेव्हा तिनं अवजाराला हात लावला नाही. त्यांना मागे बसवलं आणि स्वतः गाडी घेऊन निघाली. पुढचं मला दोघांकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं. काकांच्या कहाणीत आत्या भरधाव जाते. आत्याच्या कहाणीत काका आरशाची काच पुसायला वाकतात आणि दोघं पडता पडता वाचतात.

बाविसाव्या मिनिटाला गाडी धापा टाकायला लागली आणि नेमकी गोदामाच्या भिंतीला टेकून कुजत पडलेल्या कचऱ्याच्या ढिगापाशी थांबली. तिथला वास आत्यानं मला इतका तपशीलवार सांगितला की माझं जेवण राहिलं. नाकाला ओढणी लावून ती काकांना म्हणाली, मी इथे नाहीच असं समजा आणि रोज काय करता ते करा.

काकांनी गाडी स्टँडवर लावली. खिशातून फडकं काढलं. आधी टाकी पुसली, मग टाकीचं झाकण, गोल गोल, प्रेमानं. मग पेट्रोल आहे ना हे बघायला झाकण फिरवलं.

फुस्स.

टाकीनं हवा आत ओढली, बुडता माणूस वर येऊन ओढतो तशी. आत्यानं झाकण हातात घेतलं. त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला, बाकी काही नाही. हवा आत जायला तिथे बारीकसं भोक असतं, ते कुठेय असं तिनं विचारलं. काका म्हणाले, कसलं भोक? आत्यानं केसातली पिन काढली आणि अंदाजानं टोचली. पांढऱ्या पॉलिशची लांब अळी वळवळत बाहेर आली. वर्षानुवर्षांच्या रविवारांचं ते मेण होतं. टाकीचा श्वास कोंडायचा, पेट्रोल खाली उतरायचं थांबायचं. झाकण उघडलं की सगळं ठीक. गॅरेजात तर आत्या ते आधीच उघडायची. काकांच्या गाडीला पहिली शी त्या दिवशी मिळाली, आणि ती लांब, सूर वर नेणारी होती.

काकांचा चेहरा पडला. फडक्याची घडी घालत ते म्हणाले, "अं-हं. ताई, कॉइल गेली होती असं सांगाल? पोरगा म्हणेल, बाबांना आता कळत नाही."

आत्याचा ओठ उचलला गेला. तिनं किक मारली आणि गाडी परत वळवली.

वडलांना शोधत आलेला मुलगा गॅरेजच्या दारातच होता, कानाला फोन. शेवटी काय निघालं, असं त्यानं विचारलं. आत्या हात धूत होती, तिनं मान वर केली नाही.

"झाकणाच्या भोकात घाण बसली होती. काढली."

"घाण? बाबांच्या गाडीत?"

"ठासून भरली होती."

यात तिच्या हिशोबानं खोटं काहीच नव्हतं. जिथे जे नको तिथे ते असलं की तिच्या लेखी ती घाणच. काका सुटले होते. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावरून त्यांच्याकडेच बघत होते. ते लाल झाले, त्यांनी फडकं मुठीत आवळलं, मग सोडलं.

"अं-हं," काका म्हणाले. "घाण नव्हती ती. पॉलिश होतं. उत्तम प्रतीचं. मी स्वतः लावतो, दर रविवारी."

मुलानं फोन कानावरून खाली घेतला. "म्हणजे इतके दिवस तुम्हीच गाडी बंद पाडत होता?"

काका जमिनीकडे बघत राहिले. जमिनीवर तेलाचा डाग होता, तोही त्यांनी पुसला नाही. मुलानं आत्याकडे वळून सुरू केलं की आता तुम्हीच सांगा ताई, लॉजिक बघितलं तर यांचं वय झालंय.

"मी तीन वेळा उघडली ती गाडी," आत्या म्हणाली. "मलाही भोक दिसलं नाही. माझं काय करता? मलाही विकता का रविवारी दहाला?"

मुलानं फोन खिशात टाकला, पुन्हा काढला. तो बाहेर गेला, गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणाला आणि आत येऊन अट घातली की इथून पुढे झाकणाला फडकं लागणार नाही. काकांनी विचारलं, अं-हं, कडेकडेनं पुसलं तर? नाही, असं मुलगा आणि आत्या एकदमच म्हणाले.

आता काका सगळीकडे फिरतात आणि गाडी कुठेही थांबत नाही. आरशासारख्या टाकीवर मधोमध ते एकच झाकण बसलेलं असतं, मातकट, बोटांच्या ठशांनी चिकट झालेलं. पेट्रोल पंपावर काका गाडीवरून उतरतात, हात फडक्याकडे जाऊ नये म्हणून पाठ करून उभे राहतात आणि झाकण लागलं का, असं दोनदा विचारल्याशिवाय वळत नाहीत.