कुमुदिनीचं गालबोट

माझी बायको कुमुदिनी एकतीस वर्षं तुकोगंजातल्या एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसली. आलेली पाकिटं फोडायची, शिक्के मारायचे आणि रिकाम्या पाकिटांच्या पाठीवर चित्रं काढायची. निवृत्त झाली त्या संध्याकाळी तिने जलरंगांची मोठी पेटी आणली आणि जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कायमचा बळकावला. मी शरच्चंद्र, गणिताचा निवृत्त मास्तर. तेव्हापासून उरलेल्या अर्ध्यावर जेवतो.

तिचं सगळ्यात चांगलं चित्र सियागंजच्या किराणा बाजाराचं. भर दुपारी लाल मिरच्यांच्या पोत्यांवर एक हमाल आडवा झालाय, तोंडावर गमछा. त्या मिरचीच्या लाल रंगापायी तिने तीन महिने घालवले. एक लाल तिला कुंकवासारखा वाटे, दुसरा विटेसारखा. शेवटी जमला तेव्हा मला हाक मारून दाखवला. मी म्हणालो, "छान आहे." संसारात मी सगळ्यालाच छान म्हणतो, आमटीलासुद्धा.

गेल्या वर्षी एका कलामंडळाने ऑनलाइन प्रदर्शन भरवलं. चित्राचा फोटो पाठवायचा, निवडला तर नावासकट सगळ्या जगाला दिसणार. कुमुदिनीला ते फार हवं होतं. तिची निम्मी चित्रं पाकिटांबरोबर रद्दीत गेली होती, एक तरी चार लोकांनी बघावं एवढीच इच्छा. फोटोचं काम मी अंगावर घेतलं, कारण घरात मोबाइल मलाच जास्त कळतो असा माझा समज होता. चित्र काचेच्या फ्रेममध्ये, डोक्यावर ट्यूबलाइट, मे महिन्याचा उकाडा. काढला आणि नीट न बघता धाडून दिला. आठवड्याने उत्तर आलं: रंग मातकट दिसतात, शिवाय पोत्यांमागे बनियन घातलेले गृहस्थ कोण ते कळलं नाही.

ते गृहस्थ म्हणजे मी. काचेत पोटासकट उमटलो होतो.

कुमुदिनी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि कणीक मळायला गेली. वर्षभर ती फ्रेम तशीच होती, आणि मला रोज तिच्यासमोरून जावं लागे.

यंदा पुन्हा आवाहन आलं. मी घाबरतच विचारलं, "मी काढू का?"

"तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. "फक्त शर्ट घाला."

तिने फ्रेमच्या मागचे खिळे उपटून चित्र काचेबाहेर काढलं. घरातला प्रत्येक दिवा बंद केला. पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट कागदावर पडत होतं, म्हणून तिथे माझं सोवळ्याचं धोतर ताणून बांधलं. खोलीत मऊ, सारखा उजेड पसरला. मी विचारलं, "मी पूजा काय नेसून करू?"

"पँटीत करा. देव ओळखतो तुम्हाला."

चित्र पाटाला टेकवून उभं केलं, मोबाइल पोह्यांच्या डब्यावर, बरोबर चित्राच्या मधोमध समोर, म्हणजे कागदाच्या कडा तिरक्या येत नाहीत. शेजारी एक वाळकी मिरची ठेवली. फोटो काढला की मोबाइल मिरचीजवळ धरायचा आणि दोन्ही लाल जुळतात का बघायचं. तीन सकाळी हे चाललं. चौथ्या दिवशी ती मिरचीकडे बघून नुसती हसली, तेव्हा मला कळलं की जमलं.

पाठवायचं काम माझी पुतणी अस्मिता करणार होती. शेवटच्या तारखेला ती आली, फोटो बघून म्हणाली, "काकू, भोत मस्त आलाय. बस हा कोपऱ्यातला दाग हटवून टाकला." खाली उजव्या कोपऱ्यात एक बारीकसा काळा ठिपका होता, तो तिने बोटाच्या एका फटक्यात पुसला होता.

"परत आण तो," कुमुदिनी म्हणाली.

"अगं काकू, गंदा दिसतो. वो लोग फिर से रिजेक्ट कर देंगे."

"करू देत. दाग नाही तो, काजळ आहे. गालबोट लावलंय मी."

मी चष्मा लावून मूळ कागद बघितला. करंगळीने टेकवलेला काजळाचा ठिपका. तिची बाकीची चित्रंही काढून बघितली. शंभरावर होती, पण ठिपका आणखी फक्त दोन चित्रांवर. जे चित्र तिला स्वतःला मनापासून आवडतं, त्यालाच ती दृष्ट लागू नये म्हणून गालबोट लावते. इतकी वर्षं शेजारी जेवूनही मला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे गेल्या वर्षी ज्याच्यासमोर मी बनियनवर उभा राहिलो, ते तिचं लाडकं चित्र होतं. मला फार वाईट वाटलं. अस्मिताने मुकाट्याने ठिपका परत आणला आणि फोटो गेला.

चित्र निवडलं गेलं. परवा प्रदर्शन उघडलं. पहिल्याच पानावर सियागंज, खाली तिचं नाव. लाल असा, की बघूनच शिंक यावी. मी ते ओळखीच्या प्रत्येकाला पाठवलं. सकाळी फिरायला येणारे जयेशजी म्हणाले, "भिया, भाभीजींनी तो कमाल कर दी." मी म्हणालो, "मग?" असा अभिमान मला माझ्या विद्यार्थ्यांचाही कधी वाटला नव्हता.

चित्राखाली कोणीतरी विचारलं होतं, कोपऱ्यात काळं काय आहे? कुमुदिनीचे हात रंगात होते. म्हणाली, "तुम्हीच लिहा." मी लिहिलं: "ते गालबोट आहे. यंदाचं चित्रकर्तीने स्वतः लावलं आहे. गेल्या वर्षीचं तिच्या नवऱ्याने लावलं होतं."

तिला वाचून दाखवलं. ती हसता हसता खुर्चीत बसली. मग मी तिची काजळाची डबी आणली आणि तिच्या कानामागे करंगळी टेकवली.

"हात धुवा आधी," ती म्हणाली, "माझ्या कागदाला लागेल." पण कानामागचं तिने पुसलं नाही.