चार बोटं रुंद फडकं

तापीवर पूल नव्हता तेव्हा मी प्रकाशा गावात मास्तर होतो. हठयोग करणारा एक बुवा रोज सकाळी घाटावर दिसायचा. पोट धुवायला चार बोटं रुंद, लांबलचक ओलं फडकं घासाघासाने गिळायचा, मग बाहेर ओढून, पिळून, उजेडात निरखायचा. मला ओकारी यायची, पण नजर हटायची नाही.

एकदा फडकं तसंच खडकावर टाकून तो नावेकडे निघाला.

"आज धौती नाही?" मी विचारलं.

"पोट रोज धोवाई जास, मास्तर. पन बारा वरीस पहिले भाऊले जे बोलनू, ते आजून आठेच शे." त्याने गळ्यावर बोट ठेवलं. "ते फडकाघाई निंघत नही. पलीकडे त्यानाकडेच जाई ऱ्हायनू."

नाव सुटली. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

ज्याच्याशी मी बोलत नव्हतो, तो माझा भाऊ तर माझ्याच गल्लीत राहत होता.