ह्यूस्टनचा नकाशा आणि इब्राहिमभाईंचं मत

इब्राहिमभाईंच्या घरून रुकैयाभाभींचा फोन आला तेव्हा मी इथं सौदीत दम्मामहून धाहरानला ऑफिसला निघालो होतो. "हे गेले," म्हणाल्या, आणि मग, "ती नकाशांची गुंडाळी तुम्हालाच द्या म्हणाले होते." त्याला आता दीड महिना झाला. माणूस गेला की लोक म्हणतात, सुटला बिचारा. कसला सुटला? इब्राहिमभाईंनी आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, तीही मिळाली नाही.

ते गुहागरकडचे. इथल्या एका ठेकेदार कंपनीत ड्राफ्ट्समन. मी त्याच कंपनीत पुण्याहून आलेलो, पंधरा वर्षांनी धाकटा. त्यांचा अमेरिकन साहेब ह्यूस्टनचा. तिकडे अध्यक्षाची निवडणूक झाली की साहेब शहरातल्या मतदानाचा नकाशा मागवायचा, आणि इब्राहिमभाई तो ट्रेसिंग पेपरवर उतरवून लाल-निळ्या पेन्सिलीनं रंगवायचे; एका पक्षाला मत दिलेली गल्ली लाल, दुसऱ्याला दिलेली निळी. साहेब मायदेशी गेला तरी नकाशे धाडत राहिला, अगदी जुन्या काळातलेसुद्धा. शुक्रवारी इब्राहिमभाई नमाजेहून आले की चहा टाकायचे आणि सगळे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. "हे बघ, एके काळी सगळं निळं. मग लाल चढत गेलं, वर्षानुवर्षं लालच. आता मधनं परत निळं येतंय, बघ. चार वर्षांनी का होईना, पण बदलतं रे!"

मी खवचटच. म्हटलं, "अहो, तुमच्या वाडीचा सरपंच कोण ते ठाऊक नाही, आणि ह्यूस्टनच्या गल्ल्यांची उठाठेव कशाला?" ते हसले नाहीत. "तिथला माणूस रांगेत उभा राहतो नि कागदाचा रंग बदलतो. मी साठीला आलो, एकदापण रांगेत उभा राहिलो नाही." खरंच होतं. इथं आपल्याला मत कुठलं, आणि गावची निवडणूक कधी त्यांच्या सुट्टीत आलीच नाही.

मग आमच्या कामांवर सौदी माणसं घ्यायचं सुरू झालं. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो सौदी मालक, इब्राहिमभाईंना म्हणाला, खलास. जायच्या आधी तीन महिने त्यांनी आपल्या जागी आलेल्या माणसाला सगळं शिकवलं. माझं डोकं फिरलं. "ज्याला शिकवायचं त्यानंच आपली खुर्ची न्यायची?" तर म्हणाले, "त्याचा देश आहे, त्यानं करू नये? मी माझ्या देशात जातो. मत देतो." विमानतळावर सामान तोललं तेव्हा गुंडाळी मात्र हातातच ठेवली. इतका खुशीत निघालेला माणूस मी दम्मामच्या विमानतळावर दुसरा पाहिला नाही.

गावी मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच केंद्रावर गेले. यादीत नाव नव्हतं! आदल्या वर्षी यादी तपासणारे दारात आले होते, इब्राहिम परकार इथं राहतात का म्हणून. भाभींनी खरं तेच सांगितलं, "नाही हो, ते सौदीला असतात." आखातात गेलेल्या माणसांच्या घरोघरी हेच उत्तर देतात, तेही जरा ताठ मानेनं. पुण्यात माझ्या आईनंही हेच दिलंय. नाव खोडलं गेलं.

मी फोनवर तणतणलो. ते म्हणाले, "तिचं काय चुकलं? नव्हतोच ना मी." पुन्हा अर्ज केला. तो एका कागदासाठी परत आला. पुन्हा केला... मी म्हणायचो, पुढच्या वेळी नक्की. "हां, पुढच्या वेळी," ते म्हणायचे, माझं मन राखायला. तो अर्ज तपासणीत होता, तेवढ्यात त्यांचं हृदय थांबलं.

गावाहून आलेल्या एकाबरोबर भाभींनी गुंडाळी धाडली. सगळ्यात वरचा कागद ह्यूस्टनचा नव्हता, त्यांच्या गावाचा होता. प्रत्येक वाडी, प्रत्येक घर, मशीद, शाळेतलं मतदान केंद्र, आणि त्यांच्या घरापासून तिथपर्यंतची पायवाट. रंग कुठंच नाही. मी तो खिडकीला लावून बघितला आणि लाल-निळ्या पेन्सिली काढल्या. निदान त्यांचं एक घर तरी रंगवावं म्हटलं. पण कुठल्या रंगानं? ह्यूस्टनच्या कुठल्या गल्लीनं कुणाला मत दिलं ते त्यांनी मला दर शुक्रवारी सांगितलं. ते स्वतः कुणाला देणार होते, हे मी एकदाही विचारलं नाही.