दुसरा सांडवा

चंद्रपूरच्या दवाखान्यात भाऊला ऑक्सिजन लावला होता. मी तिथंच शाळेत शिकवते, शाळा सुटल्या सुटल्या धावत गेले. त्यानं तोंडावरचा मास्क बाजूला सारला, मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मनातलं सांगेल... "बाई, आलापल्लीले लाईन हाये का?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या छातीचं बघ आधी, लाईनचं काय घेऊन बसलास. तर म्हणे, मोटर बंद पडली की मासे गुदमरतील. मी चिडले, नर्सबाईंच्या देखत चिडले. तिसऱ्या दिवशी तो गेला, आणि सख्ख्या मोठ्या भावाशी माझं शेवटचं बोलणं हे असं, मोटरवरून भांडून झालं. याला आता दीड महिना होतो आहे. माणूस गेला की राग जातो म्हणतात. माझा अजून गेलेला नाही.

आम्ही नागभीडकडचे, तलावावर मासेमारी करणारे लोक. बाप जाळं टाकायचा, आई टोपलं घेऊन बाजारात बसायची. आमच्या अख्ख्या भावकीत बी.एस्सी. झालेली पहिली मी, हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही, आताही वाटत नाही. तेरवीला आलेले नातेवाईक म्हणत होते, भावानं शाळा सोडली म्हणून बहीण शिकली. खोटं आहे. भाऊनं सातवीत शाळा सोडली ती त्याला वर्गात बसवत नव्हतं म्हणून. त्याचा हात लाकडावर चालायचा. आलापल्लीला सागाच्या डेपोजवळ सुतारकी करत त्यानं संसार मांडला, आणि चांगला मांडला. उगीच त्याला त्यागमूर्ती करू नये.

कुणा ठेकेदाराच्या दारंखिडक्या बसवायला तो एकदा मुंबईला गेला. सोबतची माणसं समुद्र पाहून आली आणि हा मत्स्यालयात एका काचेपुढं उभाच राहिला. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो बोटाएवढा मासा. गाडी चुकली, सोबतचे शिव्या देत पुढं निघून गेले. परतल्यावर मला म्हणाला, "जन्मभर आपण मातकट मासा पाह्यला, बाई. देवानं असाबी बनवला हाये." आणि मग समुद्रापासून इतक्या लांब, आलापल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायचं त्यानं ठरवलं. किराणा दुकानातलं मीठ चालणार नाही, हे पटवायला मला एक अख्खी दिवाळी लागली. शेवटी समुद्री मिठाची पाकिटं नागपूरच्या दुकानातून आली.

पण टाकी अडली ती ओव्हरफ्लोवर. वर माशांची टाकी, खाली गाळणीची. मोटर खालचं पाणी वर चढवते, आणि जेवढं चढलं तेवढंच वरून आपोआप खाली यायला हवं. कमी आलं तर घरात पूर. आता ते खाली कसं आणायचं? एक, काचेच्या काठावरून सायफनची वाकडी नळी टाकायची. दोन, काचेलाच वरच्या अंगाला भोक पाडायचं. एवढंच ठरवायचं होतं. त्याला दोन वर्षं लागली. दोन वर्षं ती टाकी सागवानी घडवंचीवर कोरडी बसली. शेजारीपाजारी विचारायचे, मिस्तरी, मासे उडून गेले का? दर चार दिवसांनी तो एसटीडीवरून माझ्या शाळेत फोन करायचा, आणि आमचे हेडमास्तर दारात येऊन सगळ्या वर्गादेखत सांगायचे, मॅडम, टाकीचा फोन आहे.

त्याच्या डोक्यात गावचा तलाव होता. तलाव भरला की जादा पाणी जिथून निघून जातं त्या सांडव्याला आमच्याकडे सलंग म्हणतात. पावसाळ्याआधी बाप तिथं बांबूच्या कामट्यांची ताटी लावायचा, म्हणजे पाणी जाईल आणि मासा राहील. ताटी विरळ झाली तर मासा जातो. दाट झाली तर पालापाचोळ्यानं बुजते आणि पाणी पाळीवर, म्हणजे बांधावर चढतं. भाऊ म्हणायचा, सलंग जमिनीत असते, हवेत लटकत नसते. मी त्याला सायफन समजावला. आठवीला दरवर्षी शिकवते मी तो, हवेचा दाब, नळीची लांब बाजू, सगळं. तो ऐकून घ्यायचा आणि चार दिवसांनी पुन्हा फोन. शेवटी मी वैतागून म्हटलं, मी सायन्स शिकलेली आहे, तू नाहीस. काच फोडून बसशील. सायफन लाव आणि हा विषय बंद कर.

त्यानं लावला. नागपूरहून माशांची जोडी आली. पंधरा दिवस सगळं छान चाललं. मग एका दुपारी लाईन गेली. वीज आमच्याच भागात तयार होते, पण ती आमच्याकडे राहत नाही. मोटर थांबली, वरचं पाणी उतरलं, नळीत हवा शिरली आणि सायफन तुटला. दोन तासांनी लाईन आली. मोटरनं पाणी चढवायला सुरुवात केली आणि उतरायला वाट नव्हती. घरी कुणी नव्हतं. वहिनी आली तेव्हा खारं पाणी तांदळाच्या पोत्यापर्यंत पोचलं होतं आणि मोटर कोरडी फिरून जळाली होती. मासे वाचले. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हाही शेजारचे जमलेले, आणि भाऊ सगळ्यांना सांगत होता, "बाईनं बराबर सांगतलं होतं. नळी मीच तिरपी बसवली." मी नळी पाहिली. ती अगदी माझ्या चित्राबरहुकूम बसवलेली होती. लाईन जाते, हे माझ्या चित्रात नव्हतं. मी काही बोलले नाही. इतकी माणसं होती तिथं... मग नंतरही बोलले नाही.

पुढच्याच महिन्यात त्यानं टाकी रिकामी केली, तांब्याच्या नळीचा तुकडा गिरमिटाला बसवला, काचेवर पटाशीला धार लावायची खरखरीत भुकटी आणि पाणी टाकत दोन दिवस हळूहळू घासत भोक पाडलं. काच फुटली नाही. त्यावर बांबूची बारीक फणी बसवली, बापाच्या ताटीसारखी. आणि मग, दोन बोटं वर, दुसरं भोक पाडायला घेतलं. मी म्हटलं, वेड लागलं का? यातून थेंब जाणार नाही. उगाच काचेशी खेळ.

"पहिलं बुजते म्हणून नाई पाडून राह्यलो, बाई," तो म्हणाला. "ते बुजते तवा आपण घरी नसतो म्हणून."

वर्षानुवर्षं ते भोक कोरडं राहिलं. दर रविवारी तो जुन्या दातब्रशानं पहिल्या भोकाची फणी घासायचा आणि मग दुसऱ्यात मगभर पाणी ओतायचा, आत कोळ्यानं जाळं केलं असेल तर जावं म्हणून. पाहुणे बसलेले असोत, चहा गार होवो. किती वेळा मी म्हटलं, अरे कशाला. तो नुसता ओतत राहायचा.

तेरवी आटोपल्यावर पुढच्या खोलीत एकटीच बसले होते. टाकीतून गुडगुड असा आवाज येत होता, मी तो कधी ऐकलेला नव्हता. उठून पाहिलं. पाणी दोन बोटं चढलं होतं. वहिनी माशांना खायला घालत होती, कमी झालेलं पाणी भरत होती, पण फणी घासायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती हिरव्या शेवाळानं पार बुजली होती. सगळं पाणी दुसऱ्या भोकातून चाललं होतं. खाली फरशी कोरडी. दोन्ही मासे आपल्या जागी.

वहिनी भांडी आवरत होती. मी म्हटलं, वहिनी, त्या वेळी नळी भाऊनं तिरपी लावली नव्हती. माझंच चुकलं होतं.

"मले माहीत हाये, बाई," ती म्हणाली. "फरशी मीच पुसली होती ना, नळी डोळ्यांपुढंच होती." आणि ताटं घेऊन आत गेली.

ब्रश खिडकीत होता, तिथंच. मी फणी घासली. पाणी खाली उतरलं, पहिल्या वाटेनं जायला लागलं, आवाज थांबला. त्यानंतर मी पाण्याचा मग भरून घेतला. गरज नव्हती, कितीतरी दिवस त्यातूनच तर पाणी जात होतं, कोळी कुठून येणार आत... पण रविवार होता. ओतला.