बारदानासकट वजन

"दूध पुरत नाहीये," डॉक्टर म्हणाले, आणि तेही माझ्याकडे न बघता माझ्या सासूबाईंना. दूध माझं, लेकरू माझं, त्याला मांडीवर घेऊन समोर बसलेली मी, आणि निकाल ऐकवला शेजारच्या खुर्चीला. माझा मुलगा तेव्हा अडीच महिन्यांचा होता. देवळीहून सकाळच्या एसटीने आम्ही दोघी त्याला घेऊन वर्ध्याला आलो होतो, ते फक्त लस द्यायला.

काट्यावर त्याचं वजन जेमतेम वाढलेलं दिसलं. मागच्या खेपेचा आकडा डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर होता. त्यांनी तो पाहिला, मान हलवली आणि "वरचं सुरू करा" म्हणत दुधाच्या पावडरीचं नाव लिहून टाकलं.

"पण डॉक्टर, त्याचं पोट भरतं. पिऊन झालं की शांत झोपतो तो."

"आईला तसं वाटतंच," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आईने अळिवाची खीर, मेथीचे लाडू, शेपूची भाजी, जे जे पुढे ठेवलं ते मी नाक दाबून गिळलं होतं. सलग झोप म्हणजे काय ते विसरले होते. आणि हा माणूस दोन वाक्यांत मला नापास करून मोकळा झाला. पण खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त संताप मला माझाच आला होता, कारण मला ते पटलं होतं. बाहेर बाकावर बसेपर्यंत मी मागचे सगळे दिवस आठवून पाहिले. प्रत्येक रडणं आता मला भुकेचं वाटायला लागलं. माझं लेकरू माझ्याच कुशीत उपाशी राहिलं की काय?

सुई टोचलेली मांडी आखडून तो रडत होता. सासूबाई त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होत्या.

"घेऊन टाकू मंग तो डबा? खालीच दुकानात भेटते," त्या म्हणाल्या. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत हळहळल्या, "थंडीत आपल्या घरी आलता तं कसे वाळे वाजवत आलता. आता पाहा, कसा सुकून राह्यला."

वाळे हा शब्द ऐकला आणि मी ताडकन उठले.

मागच्या खेपेला मी माहेरी, अल्लीपूरला होते. पहिल्या लसीला निघालेल्या नातवाला माझ्या आईने लग्नाला निघाल्यासारखं सजवलं होतं. पायांत चांदीचे वाळे, कमरेला साखळी, हातांत मनगट्या, एकावर एक झबली, लोकरीचं टोपडं आणि वरून जाड दुपटं. त्या दिवशी इथल्याच काट्यापाशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या होत्या, "थंडी आहे, राहू द्या, काढू नका," आणि ते सगळं गाठोडं तसंच काट्यावर ठेवलं होतं. आता ऊन चटकत होतं, घामोळ्या आल्या म्हणून सगळी चांदी उतरवलेली, आणि अंगावर काय तर एक लंगोट.

घराला कुलूप म्हणून सासूबाईंनी ती चांदी रुमालात बांधून पर्समध्ये आणली होती. दुपटं पिशवीत होतं. दोन्ही घेऊन मी नंबर न लावता आत शिरले आणि काट्यावर ठेवलं. आकडा भराभर चढला. महिनाभराची वाढ तिथेच पडली होती, आणि झबली-टोपडं तर अजून घरीच होतं.

"मागच्या वेळी हे सगळं त्याच्या अंगावर होतं," मी म्हणाले. "आमच्याकडे सोयाबीन मोजतानासुद्धा पोत्याचं बारदान वजा करतात, डॉक्टर."

डॉक्टरांनी आकडा पाहिला. "मग हे तुम्ही आधीच सांगायला हवं होतं."

मी सांगायला हवं होतं! काटा त्यांचा, ठेवणारी बाई त्यांची, आणि चूक माझी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"तुम्ही विचारायला हवं होतं," मी म्हणाले. "आणि मला विचारायला हवं होतं."

त्यांनी पावडरीच्या नावावर काट मारली आणि चिठ्ठी पुढे सरकवली. चुकलं, हा एक शब्द ऐकायला मी तशीच उभी राहिले. तो काही आला नाही.

परतीच्या एसटीत मुलगा पदराआड पीत होता, आणि माझा राग अजून उतरला नव्हता. उरलेला मी सासूबाईंवर काढला.

"आई, तुम्ही तरी सांगाले पाहिजे होतं, लेकरू चांगलं पिते म्हणून. तुम्ही तं लगेच डबा घ्याले निघाल्या."

त्या रुमालाची गाठ घट्ट करत होत्या.

"तुह्या नवऱ्याच्या वेळी मलेबी डॉक्टरनं असंच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "दूध पुरत नाई म्हणे. मंग गाईचंच पाजलं त्याले."

"वजन केलतं का त्याचं?"

"कायचं वजन? नुसतं पाह्यलं न् सांगतलं."

"अन् तुम्ही ऐकलं?"

"ऐकलं ना," त्या म्हणाल्या. "आजवर मले वाटे, माह्यातच कमी होतं."