डावा गाल

दुपारी टीव्हीवर जुना हॉलिवूडपट लागला होता. नायिका हसली, रडली, भांडली, पण कॅमेऱ्याकडे कायम डावाच गाल. पुढे म्हातारपणी ती मालिकांतून आजी झाली, तेव्हाही तेच. माझा संशय बळावला. उजवीकडे काय असेल? एखादा व्रण? सगळ्या जगासमोर आयुष्य काढून या बाईनं अर्धा चेहरा स्वतःपाशीच ठेवला होता.

"काही लपवायचंच असेल असं नाही," शेजारी शेंगा सोलत बसलेली बायको म्हणाली. "ही बाजू चांगली दिसते, असं कुणीतरी एकदा म्हणालं असेल. तेवढं पुरतं."

मी वळून पाहिलं. ती नेहमीसारखीच माझ्या उजव्या हाताला बसली होती, डावा गाल माझ्याकडे करून.