वहिनींची वाहिनी

लग्नात एखाद्या मामांनी अर्धा तास भाषण ठोकलं, तर वहिनी त्यातलं अर्धं मिनिट ठेवायच्या. तेही मामांनी डोळे पुसले तेवढंच. बाकीचे मामा कचऱ्यात. लग्नं, बारशी, साठीचे सत्कार, दुकानांची उद्घाटनं, जे काही कॅमेऱ्यात भरून यायचं ते कापून, जोडून, त्याला गाणी लावून सुबक करून द्यायचं, हे त्यांचं काम. एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तो स्टुडिओ होता. खिडक्यांना काळे पडदे, दोन संगणक, आणि बसायला एक चाकांची खुर्ची, जिची एक बाजू चिकटपट्टीच्या आधारावर उभी होती. मालकांना सगळे शेठ म्हणत आणि शेठ वहिनींना कात्रीबाई म्हणत.

"कात्रीबाई, आणखी कापा," शेठ दारातूनच ओरडायचे. "लोकांना वेळ नाही हो!"

आणि वहिनी कापायच्या. हात इतका बसलेला, की घरी कुणी लांबण लावली तरी त्यांच्या डोक्यात आपोआप कात्री चालायची. फिरतीच्या नोकरीवरून आठवड्याने घरी आलेला नवरा प्रवासाची कथा सांगायला लागला, की त्या मधेच म्हणायच्या, "मग शेवटी गाडी मिळाली ना?"

घरात चौघं. वहिनी, सासूबाई, हा फिरतीवरचा नवरा आणि धाकटा दीर. दीर शहरबस चालवायचा. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी बोललेलं त्याला आवडायचं नाही. खरं तर कशाहीबद्दल बोललेलं त्याला फारसं आवडायचं नाही. जेवायला वाढू का, तर "हं." भाजी कशी झाली, तर "हं." सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर बसमध्ये 'पुढे सरका, पुढे सरका' करून याचे शब्द संपतात."

दुपारची पाळी संपली की भाऊजी गच्चीलगतच्या खोलीत शिरायचे आणि आइसक्रीमच्या काड्यांचे पूल बांधायचे. काड्या, गोंद आणि दोरा, एवढंच सामान. पूल पुरा झाला, गोंद नीट वाळला, की त्यावर वजन टाकत जायचं आणि तो कुठे मोडतो ते बघायचं. मोडला की पुढचा. घरच्यांना वाटायचं, हा पोरखेळ आहे. पण बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून कुणी काही बोलायचं नाही.

एका रविवारी भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातातल्या काडीला उगाच दोरा गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, एक काम होतं. पुलाची चाचणी आहे. कॅमेरा धराल का?"

वहिनींनी हात पुसले, कॅमेरा घेतला. आणि मग जे झालं ते त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. भाऊजी बोलायला लागले. वजन कुठून कुठे जातं, काडी दाबाने आधी वाकते मग तुटते, त्रिकोणाला का हलवता येत नाही आणि चौकोनाला का येतं. हात हवेत, डोळे मोठे, वाक्यामागून वाक्य. पाऊण तास माणूस थांबला नाही. पूल मोडला तेव्हा तर त्यांना इतका आनंद झाला, की जणू त्याच्यासाठीच जन्म घेतला होता.

सवयीप्रमाणे वहिनींनी दुसऱ्या दिवशी ते सगळं कापून अडीच मिनिटांचं केलं. सुरुवातीला पूल, मधे वजनं, शेवटी कडाड! खाली ठेका असलेलं संगीत. त्यांना स्वतःला झकास वाटलं.

भाऊजींनी ते नीट पाहिलं. "छान झालंय," ते म्हणाले. इंजेक्शन दुखलं नाही असं डॉक्टरांना सांगावं, तशा आवाजात. मग जाता जाता थांबले. "पण वहिनी, काडी का वाकली, ते राहिलंच की."

त्या संध्याकाळी वहिनींनी कापून टाकलेला भाग पुन्हा लावला आणि पहिल्यांदाच कात्री बाजूला ठेवून पाहिला. सगळं त्यातच होतं. त्यांनी ठेवली होती ती टरफलं; दाणे फेकले होते. त्यांनी तो पाऊण तास जसाच्या तसा, खोकल्या-खाकरण्यासकट, इंटरनेटवर टाकून दिला.

चार दिवसांत मोजकीच माणसं फिरकली. पण त्यांतल्या एकाने खाली लिहिलं, "दुसऱ्या जोडाला गोंद कमी पडलाय." भाऊजींनी ते वाचलं, लाल झाले, वर गेले, मोडलेला पूल घेऊन आले, भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग त्यांनी त्या अनोळखी गृहस्थाला एवढं लांब उत्तर लिहिलं, की तेवढं त्यांनी सख्ख्या भावालाही कधी लिहिलं नव्हतं. गोंदवाल्यांचं उलट उत्तर आलं. दोघांची जोडी जमली.

मात्र वहिनींना एक गोष्ट खटकत होती. भाऊजींचा पूल संपतो न संपतो तोच त्याच जागी कुणीतरी केस वाढवायचं तेल विकायला उभा राहायचा. त्याच्या खाली कुणी घसरून पडलेला, त्याच्या खाली कुणाचं भांडण. भर बाजारात कुणी तंबोरा लावायला बसावं तसं ते वाटायचं. 'या माणसांना स्वतःची ओसरी पाहिजे,' त्यांच्या मनात आलं. छंदवाल्यांची स्वतंत्र वाहिनी. प्रत्येक छंदाला आपली खोली, आणि ज्याला जितकं सांगायचंय तितकं सांगायची मुभा.

त्या शेठांकडे गेल्या. शेठांनी ऐकून घेतलं, कारण माणूस वाईट नव्हता. नुसता घाईत असायचा.

"कल्पना बरी आहे," ते म्हणाले. "पण तीन मिनिटांत आटपायचं. आणि वर दणदणीत संगीत."

"मग ते तुमचंच झालं, शेठ."

"अहो, पण जगात काड्यांचे पूल बांधणारे असून असून किती असणार?"

"थोडेच," वहिनी म्हणाल्या. "पण ते थोडे शेवटपर्यंत बसतात. तुमच्या लग्नांच्या फिती नवरा-नवरीसुद्धा शेवटपर्यंत बघत नाहीत."

शेठ हसले. वहिनींनी नोकरी सोडते म्हणून सांगितलं तेव्हा मात्र हसायचे थांबले. "परत याल, कात्रीबाई."

"येईन की. चहाला."

माणसं जमवायला वेळ लागला नाही. छंद असलेला माणूस लपत नाही. त्याला विचारणारं कुणी नसतं, इतकंच. ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या एक मावशी होत्या, त्यांना शेवाळाचा नाद. भिंतीवरचं, पायऱ्यांवरचं, गटाराकाठचं शेवाळ त्या भिंगातून बघायच्या. त्यासाठी फूटपाथवर सरळ पालथ्या पडायच्या. दोनदा लोकांनी घाबरून रुग्णवाहिका बोलावली होती. एक आजोबा होते, ते दोरीला गाठी मारायचे. शेकडो प्रकार. ते तयार झाले, पण अट घातली: "तोंड दिसता कामा नये. फक्त हात."

"का हो आजोबा?"

"गाठ हातांनी मारतात, बाई. तोंड बघून काय करायचंय?"

मान्य, म्हणाल्या वहिनी.

वहिनींची धाकटी बहीण एका बँकेत संगणकांचं काम बघायची. तिने वेबसाइट उभी केली. नावावर अडलं. बैठकीच्या खोलीत मावशी शेवाळाच्या डब्या मांडून बसल्या आहेत, आजोबांनी खुर्चीच्या पायाला गाठ मारून ठेवलीय, भाऊजी काड्या निवडताहेत, हे बघून सासूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एक छंदिष्ट घरात होता तो कमी पडला का ग, म्हणून गावभरचे गोळा करून आणलेस?"

"आई, नाव मिळालं!" वहिनी ओरडल्या. "छंदिष्ट!"

"वहिनींची वाहिनी म्हणा की सरळ," भाऊजी हळूच म्हणाले. सगळ्यांनी माना वळवून त्यांच्याकडे पाहिलं. भाऊजींनी विनोद केला होता.

उद्घाटन शनिवारी दुपारी ठरलं. थेट प्रक्षेपण: भाऊजींचा आतापर्यंतचा सगळ्यात मोठा पूल. बैठकीत दोन टेबलं जरा अंतरावर मांडली आणि मधल्या फटीवर पूल टेकवला. पुलाच्या मध्यावर आकडा, आकड्याला पत्र्याचं घमेलं. घमेल्यात वाळूच्या पिशव्या टाकत जायच्या. कॅमेऱ्यामागे वहिनी, संगणकापाशी बहीण. बघायला बरेच लोक आले होते; शेठांच्या मानाने चिमूटभर, पण वहिनींच्या अपेक्षेच्या दुप्पट.

भाऊजींनी सुरुवात झोकात केली. कुठली काडी आधी जाईल तेही सांगून टाकलं. पिशव्या पडत गेल्या. पूल गप्प. शेवटची पिशवी पडली. पूल तसाच.

"वाळू संपली," भाऊजी म्हणाले. चेहरा कावराबावरा.

पूल मोडण्याची सगळी तयारी केली होती. तो मोडणारच नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्यात वहिनींचा फोन थरथरला. शेठ. "कात्रीबाई, मी बघतोय. अहो, काहीच होत नाहीये! बंद करा, काहीतरी दुसरं दाखवा!"

"काही होत नाहीये, तेच दाखवतेय, शेठ," वहिनी म्हणाल्या आणि फोन उलटा ठेवला. बंद करायचं बटण हाताशीच होतं. पण बोट तिकडे गेलं नाही. "काय ग, लोक जाताहेत?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"एकही नाही," बहीण म्हणाली. "उलट ओरडताहेत, आणखी टाका म्हणून!"

मग घरात एकच धांदल उडाली. सासूबाईंनी लोखंडी खलबत्ता आणला. इस्त्री आणली. शेजारचे व्यायामशाळेचे मास्तर आपल्या लोखंडी चकत्या घेऊन धावत आले. मावशींनी शब्दकोशाचे दोन खंड दिले, पण "जपून हं" म्हणत. प्रत्येक वस्तू आधी सासूबाईंच्या काट्यावर, मग घमेल्यात. गोंदवाल्या गृहस्थांनी तिकडून लिहिलं, "सगळे गप्प बसा. डाव्या बाजूचा आवाज ऐका." वहिनींनी माइक पुलाच्या डाव्या कुशीला नेऊन धरला. खोलीत श्वासांचा तेवढा आवाज. आणि मग अगदी बारीक, नख मोडल्यासारखं: कट्.

"जोड बोलतोय," भाऊजी पुटपुटले. मास्तरांनी आणखी एक चकती अलगद सोडली.

कडाड! धाडदिशी सगळं खाली आलं. खलबत्ता, इस्त्री, शब्दकोश, वाळूचा ढीग. धूळ बसल्यावर भाऊजींनी वाकून पूल उचलला. एक काडी निसटली होती. बाकी पूल धडधाकट. मोडलं होतं ते उजव्या हाताचं टेबल. त्याचा पाय मुळातून निखळला होता.

भाऊजी हसायला लागले. हसता हसता खाली बसले, डोळ्यांतून पाणी. घरच्यांनी त्यांना असं हसताना पाहिल्याला वर्षं लोटली होती.

"माझं टेबल!" सासूबाई म्हणाल्या. "याच्यावर मशीन ठेवून मी तुझे शाळेचे शर्ट शिवले रे!" आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

खरी गंमत पुढेच झाली. बघणाऱ्यांना आता टेबल हवं होतं. पाय का निखळला? खीळ होती का, खाच होती का? दोन दिवसांनी एका सुतारांचा निरोप आला: टेबल पाठवू नका, मीच येतो. ते आले, पाय हातात घेऊन तासभर बोलले, आणि लाकडाच्या जोडांची चौथी खोली 'छंदिष्ट'वर उघडली. टेबलही दुरुस्त करून दिलं.

सगळे दिवस असे नव्हते. मावशींचं शेवाळ एकदा फक्त अकरा जणांनी पाहिलं. मावशी हिरमुसल्या. "राहू दे ग बाई माझं. उगाच तुझी जागा अडवते."

"मावशी," वहिनी म्हणाल्या, "शेवाळ बघायला अकरा माणसं तुमच्या घरी आली असती, तर कप पुरले असते का?"

मावशींनी मनातल्या मनात कप मोजले. "नसते पुरले," त्या म्हणाल्या आणि पुढच्या सोमवारी पुन्हा फूटपाथवर पालथ्या पडल्या.

वर्षभरात सभासदांच्या छोट्या वर्गणीवर वाहिनी स्वतःच्या पायांवर उभी राहिली. वहिनींनी बंगला बांधला नाही, पण स्टुडिओतल्या पगाराची आठवणही काढावी लागली नाही. शेठ अधूनमधून चहाला येतात. त्यांची माणसं लग्न संपल्यावर वहिनींकडे कॅमेरा धरायला येतात. नवऱ्याची फिरती सुटली नाही, पण आता तो गावोगावचे छंदिष्ट हुडकून आणतो आणि त्यांच्याबद्दल सांगायला बसला की वहिनी शेवटपर्यंत ऐकतात.

परवा त्याने एका दंतवैद्यांचा पत्ता आणला. ते शीळ घालतात. दोन सुरांत, एकाच वेळी. वहिनी कॅमेरा घेऊन त्यांच्या दवाखान्यात पोचल्या. रुग्ण संपले होते, खुर्चीवरचा मोठा दिवा वैद्यांनी स्वतःच्याच तोंडावर वळवून घेतला. ओठ मुरडले आणि कॅमेरा बघून फिसकन हसले. ओठ हसले की शीळ संपली.

"माफ करा, वहिनी. घरी होतं हो व्यवस्थित. हे कापून टाका."

"काही घाई नाही, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. त्यांनी रुग्णांच्या बाकावर बैठक मारली. "हसून घ्या पोटभर. मग सांगा, दुसरा सूर निघतो तरी कुठून?"

"तेच तर कुणी विचारत नाही!" दंतवैद्य खुर्चीत ताठ बसले, मेजावरचा दातांचा प्लास्टरचा साचा त्यांनी हातात घेतला, आणि बोलायला लागले.